पहिलं वेत

तुलारेच्या कॉलेजात पहिल्या वर्षी
मी पाच विषय घेतले.
चारांत नापास. पाचवा अर्ध्यात सोडला,
त्याच्यासमोर नुसतं एक अक्षर.

खरं सांगायचं तर मी वर्गापर्यंत जायचेच नाही.
वडिलांचा पिकअप पार्किंगच्या टोकाला लावायचा.
बाहेर हिवाळ्यातलं धुकं, जमिनीला टेकलेलं,
इतकं दाट, की समोर इमारत आहे
हे विश्वासावर घ्यायचं.
पहाटे दोनला गोठा, मग बोटांवर आयोडीनचे डाग,
केसांना दुधाचा आंबूस वास.
हीटर लावून बसायचे अकरा वाजेपर्यंत.
घरी आई विचारायची, आज काय शिकलीस?
पेशी, म्हणायचे मी.
एक अख्खं सत्र मी आईला पेशी सांगत राहिले.

मग सहा वर्षं चीजच्या कारखान्यात.
एका रात्री चाळीस हजार लिटर दूध विरजलंच नाही.
सुपरवायझर शिव्या देत होता, टाक्या धुवायला लावत होता.
प्रयोगशाळेतली माय येर शांतपणे म्हणाली,
विरजणालाही विषाणू लागतो, तुला माहीत नव्हतं?
नव्हतं.
ते माहीत नसणं मी घरी घेऊन आले
आणि ते मला झोपू देईना.

बेदरोसियन सरांनी जुनी गुणपत्रिका उघडली.
बराच वेळ चष्मा पुसला.
पुन्हा परीक्षा दे, म्हणाले, नवे गुण मोजतील.
आणि जुने?
जुने खोडत नाहीत. कंसात राहतात.

तीन वर्षं. रात्रपाळी, दिवसा वर्ग,
पेशी या वेळी खरोखरच्या, काचेखाली,
निळ्या रंगात बुडवलेल्या,
आणि मला त्यांची थोडी लाज वाटली,
जुन्या ओळखीच्या माणसाला खोटं नाव सांगितल्यासारखी.

अर्जात एक चौकट होती:
खालावलेल्या गुणांबद्दल काही सांगायचं असल्यास.
मी लिहिलं, वडिलांच्या पाठीचं ऑपरेशन.
लिहिलं, दुधाचा पडलेला भाव.
सगळं खरं होतं आणि सगळं मिळून खोटं.
पुसलं. लिहिलं:
मी गाडीत बसून राहायचे.

कागद स्वयंपाकघरात टेबलावर होते.
वडिलांना इंग्रजी वाचता येत नाही,
पण आकड्यांची वही ते कुठल्याही भाषेतली वाचतात.
वरच्या चार ओळींवर बोट ठेवलं: हे काय?
सांगितलं.
पहिलारूचं पहिलं वेत बघून
गाय कुणी विकतं का, झुल्मीरा?
मग खुर्ची सरकवत, जरा चाचरत,
मी विकली होती एकदा. तीनशे बारा नंबरची.
पुढच्या वेताला सिल्वेराच्या गोठ्यात
ती बादल्या भरभरून द्यायला लागली.
अजून त्या रस्त्याने जाववत नाही.

निकाल एप्रिलमध्ये आला, धारा काढताना.
हातात रबरी मोजे, फोनला अंगठा कळेना,
शेवटी नाकाने उघडला.
आई दारातून ओरडली, काय झालं?
तोंडातून फक्त एवढंच निघालं: पेशी.
तिला वाटलं मी आजारी आहे.

आता टेकडीवरचं विद्यापीठ.
इथली मुलं एकोणीस वर्षांची,
बोलताना वाक्य संपवायची त्यांना भीती वाटत नाही.
मी सत्तावीस.
पहिल्या चाचणीत शंभरापैकी एकेचाळीस.

कागद घडी करून खिशात ठेवला
आणि सवयीने बाहेर पडले,
पाय स्वतःच गाडी शोधायला लागले.
गाडी नव्हती. ती दोनशे वीस मैलांवर, गोठ्यामागे.
या गावात पार्किंग मिळत नाही म्हणून आणलीच नव्हती.

थोडा वेळ रस्त्यावर उभी राहिले.
समोरून धुकं येत होतं, खाडीवरून,
आमच्यासारखं बसकं नाही, चालतं.
मग परत फिरले, तिसरा मजला, बाईंची खोली,
दाराबाहेर चार जण आधीच रांगेत.
शेवटच्याने सरकून भिंतीला जागा दिली.
तुला किती?
सांगितलं.
मला अडतीस, म्हणाला तो.